काचेचा मणी, डेल्फ्टचा कापडवाला आणि आमच्या सोसायटीची टाकी

पागोळी | शनिवार, रात्री ९.४०

सुरुवात भांडणाने झाली, म्हणून आधी भांडणच सांगते. आमच्या सोसायटीच्या सभेत (ठाणे पश्चिम, याहून जास्त पत्ता विचारू नये) मी म्हटलं की गच्चीवरची टाकी होळीपासून धुतलेली नाही आणि पाण्याला बुळबुळीत वास येतोय. सेक्रेटरी काकांनी शांतपणे ग्लास भरून मागवला, ट्यूबलाइटखाली धरला आणि म्हणाले, "दिसतंय का काही? नाही ना? मग विषय संपला." लगेच चहा आला. चहा आला की सभा संपते, हा उपविधीत नसलेला नियम सगळ्यांना ठाऊक आहे.

घरी येऊन तणतणत बसले आणि आठवला तो हॉलंडातल्या डेल्फ्टचा माणूस, भिंगातून सूक्ष्म जीव बघणारा. शाळेत आपण त्याला लीवेनहॉक म्हणायचो, डच लोक लेवेनहुकच्या जवळपास काहीतरी म्हणतात. मी लेवेनहुक लिहिणार, कुणाला शुद्धलेखनाची हुक्की आली तर आवरा. जन्म १६३२, धंदा कापडाचा. विद्यापीठ नाही, लॅटिन नाही. त्याच्या गावापासून दोन तासांच्या वाटेवर एक तळं होतं, ते उन्हाळ्यात हिरवं व्हायचं. गावकरी म्हणायचे दवामुळे होतं. याने १६७४ मध्ये ते पाणी बाटलीत भरून घरी आणलं, दुसऱ्या दिवशी आपल्या भिंगाखाली धरलं, तर आत हिरव्या वळ्यावळ्यांच्या दोऱ्या (आपलं स्पायरोगायरा शेवाळ) आणि त्यांच्यामधून पळणारे जीव! मे महिन्यात आपली ठाण्याची तलावपाळी हिरवी होते तेव्हा आपण नाक मुरडून पाणीपुरीच्या गाडीकडे वळतो. त्याने बाटली भरली, एवढाच फरक.

त्याचं उपकरण नळीबिळीवालं नव्हतं. पितळेच्या दोन छोट्या पट्ट्या, मध्ये भोकात अडकवलेलं एकच इवलंसं भिंग, मागे एक सुई आणि ती पुढेमागे करायला हाताने केलेला स्क्रू. सगळं मिळून तळहातात मावेल एवढं. असं ते पापणीला टेकेल इतकं जवळ धरायचं आणि उजेडाकडे बघायचं. अशी भिंगं त्याने पाचशेच्या वर केली, स्वतः घासून, आणि कशी केली ते मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

मी ठरवलं, करून बघायचंच. घासणं माझ्या बापजन्मी जमणार नाही, म्हणून मणी, म्हणजे काचेची गोल गोळी हेच भिंग. मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून साध्या काचेची बारीक काचकांडी आणली (बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणारी काच, घेऊ नका, घरच्या आचेवर लवकर वाकत नाही). गॅसच्या निळ्या ज्योतीत मधोमध फिरवत धरायची, काच लोंबायला लागली की ज्योतीबाहेर काढून दोन्ही हात लांब करायचे. पाकाची तार काढतो ना, अगदी तशी काचेची तार निघते, केसाएवढी. तिचं टोक परत ज्योतीत धरलं की ते आपणहून गोळा होतं, कारण वितळलेल्या काचेला पृष्ठताणामुळे गोल व्हायचंच असतं. या कामाला मी शेजारणीची केकवर साखर जाळायची टॉर्च आणली. डोळ्यांना चष्मा, पायात चप्पल, ओट्यावर कापडबिपड काही नाही. एवढं पाळाच, काचेचे तुकडे उडतात.

हिशेब असा: काचेचा अपवर्तनांक (काच उजेड किती वाकवते तो आकडा) १.५ धरला तर गोल मण्याचं नाभीय अंतर (मण्याच्या मध्यापासून उजेड एकवटतो तिथपर्यंतचं) व्यासाच्या पाऊणपट. विशालन, म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते ते, २५० मिलिमीटर भागिले नाभीय अंतर. म्हणजे २ मिमीच्या मण्याने १६७ पट, १ मिमीच्या मण्याने ३३३ पट. मणी जेवढा लहान तेवढा जोरदार. शाळेतल्या हातभिंगाचा विचार करा आणि मग हे बघा!

आता रडगाणं. चौदा मणी केले. पाच काजळून काळे, चारांत बुडबुडे, एक ओट्याच्या फटीत गेला. उरलेल्यांतला २ मिमीचा घेऊन बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्यात बसवला, कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड धरली. धुकं. नुसतं पांढरं धुकं. कुठे चुकतंय?

---

टवाळ | रात्री १०.०२

टाकी धुवायला माणूस लावला असता तर याहून स्वस्त पडलं असतं. बाकी चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

आळशी_ठाणेकर | रात्री १०.१५

एवढा खटाटोप कशाला? मोबाइलच्या कॅमेऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा, फोन आडवा करा, झाला सूक्ष्मदर्शक. नाहीतर जुन्या लेझर पॉइंटरमधलं भिंग काढून कॅमेऱ्यावर चिकटवा. मी गेल्या वर्षी मुंगीचे डोळे काढले होते. फोटो पडतो, सेक्रेटरीच्या ग्रुपवर टाकता येतो. मणी डोळ्याला लावून पुरावा कसा देणार?

---

पागोळी | रात्री १०.२८

@आळशी_ठाणेकर, थेंब मीही करून पाहिला. पंख्याचा वारा लागला की चित्र नाचतं. पण गंमत म्हणजे ही युक्तीही जुनीच. स्टीफन ग्रे नावाच्या इंग्रजाने १६९६ मध्ये पितळेच्या पट्टीतल्या भोकात पाण्याचा थेंब धरून त्याचाच सूक्ष्मदर्शक केला होता. तुमच्या आळसालाही सव्वातीनशे वर्षांची परंपरा आहे.

पुराव्याचं म्हणाल तर लेवेनहुकलाही हीच अडचण आली होती. त्याने काय केलं, ते सावकाश सांगते.

---

भिवंडीचा_माग | रात्री ११.१०

कापडवाला होता हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला तिथेच मुद्दा दिसतो. आमच्याकडे लूमवरून कापड उतरलं की पहिलं काय होतं? रीड-पिक मोजतात. इंचात ताणे किती, बाणे किती. त्याला पिक ग्लास लागते, घडीची छोटी चौकट असते, खाली इंचाची खिडकी, वर भिंग. कापडावर ठेवायची आणि सुईच्या टोकाने धागा धागा मोजायचा. माझ्या वडिलांच्या खिशात कायम असायची. शर्टाला पेन नसेल, पिक ग्लास असणार.

त्या काळातले कापडवालेही असंच भिंगाने सूत बघायचे. म्हणजे हा माणूस विज्ञानातून भिंगाकडे आला नाही, दुकानातून आला. बारीक वस्तूकडे एका डोळ्याने तासन्‌तास बघायची सवय त्याला गल्ल्यावर बसूनच लागली असणार. पिक मोजताना नवीन पोराचं डोकं दुखतं, जुन्या कारागिराचं नाही. दुसरा डोळा मिटायचा नसतो, उघडाच ठेवायचा आणि त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. ताई, तुम्ही डोळा मिटून बघत असाल तर ते आधी सोडा.

---

निवृत्त_लॅबवाला | रविवार, सकाळी ६.५०

तीस वर्षं पॅथॉलॉजीत काढली, हजारो मलेरियाच्या स्लाइड बघितल्या. ताई, धुक्याचं कारण मला तुमच्या हिशेबातच दिसतंय. तुम्ही विशालन काढलंत, पण जागा किती उरते ते काढलं नाहीत.

नाभीय अंतर मोजतात मण्याच्या मध्यापासून. २ मिमीच्या मण्याचं नाभीय अंतर १.५ मिमी. त्यातला १ मिमी मण्याच्या पोटातच गेला. उरला अर्धा मिलिमीटर. आता स्लाइडची काच जाड किती? एक मिलिमीटर तरी असतेच. तुम्ही स्लाइडची पाठ मण्याकडे करून बघत असाल तर कांद्याचा पापुद्रा कधीच नाभीवर येणार नाही, मणी स्लाइडवर आपटला तरी. कव्हरस्लिपची (नमुन्यावर ठेवतात त्या पातळ काचेची) बाजू मण्याकडे करा. कव्हरस्लिप साधारण ०.१७ मिमी असते, ती चालते. १ मिमीचा मणी असेल तर जागा फक्त पाव मिलिमीटर. तिथे कव्हरस्लिपसुद्धा जपून.

दुसरं, डोळ्याच्या बाजूचं भोक केवढं केलंय? मण्याएवढं केलं असेल तर कडेचे किरण घोळ घालतात. गोल मण्याच्या कडेतून गेलेला किरण आणि मधून गेलेला किरण एका जागी येत नाहीत. भोक मण्याच्या व्यासाच्या निम्मं ठेवा. उजेड कमी होईल, चित्र उठेल.

आणि सूर्याकडे कधीही बघायचं नाही. आकाशाकडे किंवा उजेडातल्या पांढऱ्या भिंतीकडे.

---

पागोळी | सकाळी ८.३५

काका, तुम्ही देवमाणूस आहात. स्लाइड उलटीच होती! पलटली, घाईघाईने स्क्रू पिळला, करकच् आवाज आला आणि कव्हरस्लिपचा चुरा झाला. मग कव्हरस्लिपचा नाद सोडून पापुद्रा सरळ दोन सेलोटेपच्या मध्ये घेतला, भोक दाभणाने नाही तर शिवणाच्या सुईने पाडलं, आतून मार्करने काळं केलं.

दिसलं!! विटांची भिंत. वीट न वीट. एकेका विटेत एक अंधुक ठिपका. मी बाल्कनीत ओरडले, खालच्या वॉचमनने वर बघितलं.

---

टवाळ | सकाळी ८.४१

कांदा बघून रडण्याऐवजी ओरडणारी पहिली बाई. नोंद घेतली आहे.

---

जुनी_पानं | सकाळी ११.२०

धागा छान रंगलाय, पण मूळ लेखात एक दुरुस्ती हवी. "स्वतः घासून" हे पूर्णपणे बरोबर नाही, आणि त्यामागची गोष्ट मूळ गोष्टीपेक्षा भारी आहे.

लेवेनहुकची आज जेमतेम डझनभर उपकरणं शिल्लक आहेत. त्यांतलं सगळ्यात ताकदीचं हॉलंडातल्या युट्रेख्टच्या संग्रहालयात आहे, विशालन २६६ पट, नाभीय अंतर एक मिलिमीटरहून जरा कमी. त्यातलं भिंग पट्ट्यांच्या मध्ये रिव्हेट करून बसवलेलं. उघडायचं तर उपकरण मोडणार, म्हणून कुणी उघडलं नाही. साडेतीनशे वर्षं तज्ज्ञांचा वाद चालू: घासलेलं की फुंकलेलं? शेवटी डेल्फ्टमध्येच, त्याच्या स्वतःच्या गावात, संशोधन अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनच्या झोतात ते ठेवलं. न्यूट्रॉन पितळेतून आरपार जातात आणि आतली काच दिसते. २०२१ मध्ये निकाल छापून आला. आत घासलेलं भिंग नव्हतंच. आत होता काचेचा मणी, आणि त्याला काचेच्या तारेचा तुटका देठ अजून चिकटलेला. तपासलेल्या दुसऱ्या, कमी ताकदीच्या उपकरणात मात्र घासलेलं भिंग निघालं. म्हणजे दोन्ही करायचा, आणि जोरदार काम असलं की मणी.

आता खरी मेख. हा मण्याचा नुस्खा गुप्त नव्हताच! रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ च्या 'मायक्रोग्राफिया' या पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो सरळ छापलाय: चांगल्या व्हेनिशियन काचेचा तुकडा घ्या, दिव्याच्या ज्योतीत तार काढा, तारेचं टोक ज्योतीत धरा, गोळी होईल, मग ती पातळ पत्र्याच्या भोकात मेणाने बसवा. पागोळीताईंनी गॅसवर जे केलं तेच. हूकने हेही मान्य केलंय की अशा एका मण्यातून त्याच्या मोठ्या नळीवाल्या सूक्ष्मदर्शकापेक्षा जास्त मोठं आणि स्वच्छ दिसतं. पण डोळ्याला त्रास होतो म्हणून तो स्वतः नळीकडे वळला. म्हणजे ज्याने नुस्खा छापला त्याने तो वापरायचा कंटाळा केला, आणि ज्याने वापरला त्याने पन्नास वर्षं तोंड उघडलं नाही.

@भिवंडीचा_माग, तुमच्यासाठी खास: त्या पुस्तकात तलम कापडाची आणि रेशमाचीही मोठी केलेली चित्रं आहेत.

---

भिवंडीचा_माग | सकाळी ११.४५

मग झालंच की. कुठल्याही कापडवाल्याला ते पुस्तक दाखवा, तो उवा आणि माश्या सोडून आधी कापडाचं पान उघडणार.

---

आळशी_ठाणेकर | दुपारी १२.१०

पण सूक्ष्मदर्शकाचा शोध १५९० मध्ये यान्सेन बापलेकांनी लावला ना? एमपीएससीच्या गाइडमध्ये पाठ केलं होतं. तो तर नळीवाला होता. मग सत्तर-ऐंशी वर्षांनी एका मण्याने त्याला मागे कसं टाकलं? तंत्रज्ञान पुढे जातं की मागे?

---

जुनी_पानं | दुपारी १२.५०

गाइडात आहे म्हणून मार्क मिळतील, ते घ्या. पण झकारियास यान्सेन जन्मला १५८५ च्या आसपास. १५९० मध्ये पोरगं पाच वर्षांचं. तो दावा उभा आहे १६५५ च्या सुमारास त्याच्या मुलाने आणि एका जुन्या ओळखीच्या माणसाने दिलेल्या जबान्यांवर, म्हणजे घटनेनंतर पासष्ट वर्षांनी. आपल्याकडे सातबाऱ्यावर सुद्धा अशी नोंद कुणी धरणार नाही. भक्कम पाऊलखुणा दिसतात त्या १६२० च्या आगेमागे लंडनमध्ये कॉर्नेलिस ड्रेबेलकडे दोन भिंगांचं उपकरण होतं तेव्हापासून. गॅलिलिओने १६२४ मध्ये आपलं 'ओक्कियालिनो', म्हणजे छोटा चष्मा, मित्राला पाठवला, आणि १६२५ मध्ये योहान फाबरने त्याला 'मायक्रोस्कोप' हे नाव दिलं.

आणि तुमचा प्रश्न फार चांगला आहे, आळशी असूनही. दोन भिंगं लावली की विशालनाचा गुणाकार होतो हे खरं, पण दोषांचाही होतो. त्या काळच्या काचेत बुडबुडे, रेघा. शिवाय प्रत्येक भिंग पांढऱ्या उजेडाचे रंग फोडतं, निळं एकीकडे, तांबडं दुसरीकडे. पहिल्या भिंगाने केलेली रंगीत झालर दुसरं भिंग आणखी मोठी करून दाखवतं. हूकचा सूक्ष्मदर्शक पन्नास पटींच्या आसपास अडखळायचा. एकच मणी म्हणजे एकदाच चूक. १८३० मध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टरने रंगदोष मारणाऱ्या भिंगांच्या जोड्या कशा मांडायच्या ते दाखवलं, तोवर बारीक कामाला जाणकार मंडळी एकच भिंग वापरत. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउनने परागातल्या कणांची थरथर पाहिली, ज्याला आपण ब्राउनी गती म्हणतो, तीही एकाच भिंगातून. त्याचं नाभीय अंतर इंचाचा बत्तिसावा भाग, म्हणजे आपल्या १ मिमीच्या मण्याच्या जवळपास.

---

कळव्याची_मावशी | दुपारी २.३०

अगं पागोळी, मला त्या हिशेबातलं ओ की ठो कळलं नाही, पण मिरीचं काय ते सांग ना. माझ्या सुनेने वाचून दाखवलं की त्या माणसाने मिरी पाण्यात घालून ठेवली होती. कशासाठी? रसम करणार होता का?

---

पागोळी | दुपारी ३.०५

मावशी, त्याला प्रश्न पडला होता की मिरी तिखट का लागते. त्याला वाटलं, मिरीच्या कणांना बारीक काटे असतील आणि ते जिभेला टोचत असतील. मिरी भिजवून मऊ करावी, मग बघावं, म्हणून पाण्यात घालून ठेवली. काही आठवडे. काटे मिळालेच नाहीत, मिळाले ते जीव. इतके बारीक की त्याच्या हिशेबाने वाळूच्या एका कणाच्या जागेत ते ढिगाने मावतील. ऑक्टोबर १६७६ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला, म्हणजे शास्त्रज्ञांच्या मंडळाला, लांबलचक पत्र लिहिलं. जिवाणू माणसाने पहिल्यांदा पाहिल्याची नोंद म्हणजे ते पत्र. मिरीसुद्धा आपल्याकडचीच, डच जहाजांनी पूर्वेकडून नेलेली!

आता पुराव्याचं, @आळशी_ठाणेकर. लंडनवाल्यांचा विश्वास बसेना. त्यांनी करून पाहिलं, जमेना. मग याने १६७७ मध्ये आठ जणांच्या सह्या पाठवल्या, त्यांत चर्चचे धर्मगुरूही होते, की आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले. तिकडे हूकला काम दिलं. पहिल्या बैठकीत काही दिसलं नाही, दुसऱ्या बैठकीतही नाही. मग त्याने चांगलं भिंग केलं, मिरीचं पाणी केसासारख्या बारीक काचनळीत भरलं आणि १५ नोव्हेंबर १६७७ ला सगळ्यांना दिसलं. स्वतःच्याच नुस्ख्याकडे परत गेला बिचारा.

आणि हे सगळं त्याने डच भाषेत लिहिलं. लॅटिन येत नव्हतं, शिकलाही नाही. १६७३ पासून मरेपर्यंत रॉयल सोसायटीला दीडशेच्या वर पत्रं, सगळी मातृभाषेत. भाषांतर करायची जबाबदारी त्यांची.

---

टवाळ | दुपारी ३.१२

कृपया इथे मराठी माध्यम विरुद्ध इंग्रजी माध्यम सुरू करू नये. दोनशे प्रतिसाद होतील आणि मणी राहून जाईल.

---

खाडीकाठ | संध्याकाळी ६.२५

मी पक्षीवाला. हिवाळ्यात ठाणे खाडीवर रोहित (फ्लेमिंगो) बघायला गर्दी होते ना, ते चोच उलटी करून चिखलातून काय गाळतात ते कुणी विचारत नाही. निळंहिरवं शेवाळ, बारीक कोळंबीसारखे जीव आणि डायटम. डायटम म्हणजे काचेच्या डबीत राहणारं शेवाळ, त्याची भिंत खरोखरच सिलिकाची असते. म्हणजे काचेच्या मण्यातून काचेचे जीव बघायचे! डायटम मेला तरी डबी तशीच राहते, नक्षीसकट. मण्याची परीक्षा घ्यायला याहून चांगली वस्तू नाही. नक्षीच्या रेघा सुट्या दिसल्या तर मणी पास.

फक्त २०१५ पासून तो भाग रोहित अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). तिथला चिखल उचलू नका. घरच्या फिशटँकच्या काचेवरचा तपकिरी थर खरवडा, तोही बहुतेक डायटमच असतो.

आणखी एक: मणी करायचे नसतील तर तयार मिळतात. रस्त्यावरचे पांढरे पट्टे रात्री चमकतात ना, त्या रंगावर काचेचे मणी शिंपडलेले असतात. घोडबंदर रोडला नवे पट्टे मारले की कडेला साखरेसारखे सांडलेले दिसतात. बहुतेक एक मिलिमीटरपेक्षा लहान. शंभरातले पाच-सहा निर्दोष निघतात, पण चिमूटभरात शंभर येतात. गाड्यांमध्ये जाऊन वेचू नका म्हणजे झालं.

---

पागोळी | रविवार, पुढचा आठवडा, रात्री ९.१५

आठवडाभराचा वृत्तांत.

उपकरण क्रमांक तीन तयार. खाडीकाठचे रस्त्याचे मणी वापरून पाहिले, ०.६ मिमीचा एक बसवला. हिशेबाने साडेपाचशे पटींच्या वर, पण पापणी लागून लागून डोळ्याला पाणी आलं. हूकचं दुःख कळलं. माझ्या डोळ्याला दीड मिमीचा मणी मानवतो, सव्वादोनशे पटींच्या आसपास. देठ मोडला नाही, आडवा कडेला ठेवला, बघायच्या वाटेत येत नाही. युट्रेख्टवाल्यालाही देठ आहे म्हटल्यावर मी कशाला लाजू?

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो स्क्रूने. भिंग एका रात्रीत झालं, स्क्रूला पाच रात्री लागल्या. साधा एम-तीनचा बोल्ट एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर सरकतो आणि माझ्याकडे जागाच पाव-अर्धा मिलिमीटर. बोट थरथरलं की चित्र गायब. शेवटी भिवंडीकरांनी व्यनित (खासगी निरोपात) सांगितलेली युक्ती लागू पडली: बोल्ट मण्यासमोर नको, पट्टीच्या टोकाला लावायचा. पट्टीचं एक टोक पक्कं, दुसऱ्या टोकाला बोल्ट रेटतो, पट्टी कमानीसारखी वाकते, आणि पक्क्या टोकाजवळ बसवलेला नमुना बोल्टच्या मानाने अगदी थोडा हलतो. पट्टीला जुन्या फुटपट्टीचं स्टील वापरलं. लेवेनहुकने भिंगाइतकीच मेहनत स्क्रूवर घेतली असणार, पण स्क्रूबद्दल कुणी लिहीत नाही.

आणि टाकी. गच्चीवर गेले, वॉचमनला साक्षीला घेतलं, बाटली भरली. तीन संध्याकाळी बसून बघितलं. काही नाही. गंजाचे कण, कापसाचा तंतू, संपलं. पालिकेच्या क्लोरीनने आपलं काम चोख केलं असावं. मग चिडून बाल्कनीतल्या मनीप्लँटच्या ताटलीतलं पाणी घेतलं, तर काय विचारता! चपलेच्या आकाराचे पॅरामेशियम गाड्यांसारखे धावतायत, एक रोटिफर तोंडाशी दोन चाकं गरगर फिरवत बसलेला, आणि घंटेच्या आकाराचे व्होर्टिसेला देठावर डोलतायत. बोटाने टिचकी मारली की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो. दोन तास जेवण राहिलं. सेक्रेटरी काकांचा ग्लास स्वच्छ, माझी कुंडी गलिच्छ. हे सभेत कसं मांडू?

---

निवृत्त_लॅबवाला | रात्री १०.००

मांडू नका. पण टाकी स्वच्छ आहे असंही म्हणू नका. पॅरामेशियम पोटात गेला तरी आपलं काही बिघडत नाही, आणि ज्याने बिघडतं ते जिवाणू एक-दोन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पारदर्शक. तुमच्या मण्यातून ठिपका दिसेल फार तर, आणि ठिपक्यावरून कुठला जिवाणू ते मलाही सांगता आलं नसतं. तुलनेला सांगतो, डोक्याचा केस साधारण सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड, तांबडी रक्तपेशी सात-आठ. पिण्याच्या पाण्याला वेगळी तपासणी असते. साधी एच-टू-एसची (हायड्रोजन सल्फाइड तपासणीची) बाटली मिळते, त्यात पाणी भरून उबदार जागी ठेवायची, एक-दोन दिवसांत काळी पडली तर विष्ठेतले जिवाणू असण्याची शक्यता धरायची आणि नमुना प्रयोगशाळेत द्यायचा.

टाकी होळीपासून धुतलेली नाही, हा मुद्दा तुमचा तसाच उभा आहे. त्याला भिंग लागत नाही.

---

कळव्याची_मावशी | रात्री १०.२०

मी मिरी भिजत घातली आहे आठ दिवसांपूर्वी. झाकणाच्या बरणीत. ह्यांना वाटलं लोणचं आहे, वास घेतला आणि तेव्हापासून बोलत नाहीयेत. कुठे आणू ते सांगा.

---

खाडीकाठ | रात्री १०.३५

येत्या रविवारी सकाळी आठला तलावपाळीवर, गडकरी रंगायतनच्या बाजूला. छोटा कट्टा. आठनंतर उजेड चांगला असतो, पाऊस नसला तर. मावशी, बरणी पिशवीत घालून आणा, लोकलमध्ये उघडू नका.

---

पागोळी | रविवार, दुपारी १.४०

कट्ट्याहून आत्ताच आले. सहा जण, चार उपकरणं. मावशींच्या मिरीच्या पाण्यात इतकी गर्दी होती की ठाणे स्टेशनचा सहा नंबर आठवला. लॅबवाले काकांनी पाहिलं, काही बोलले नाहीत, परत पाहिलं, मग खिशातून स्वतःचा चष्मा काढून ठेवला आणि तिसऱ्यांदा पाहिलं. भिवंडीकरांनी मिरी नको म्हटलं, आपल्या शर्टाचा धागा काढून लावला आणि "कंबिंग नीट नाही" असा निकाल दिला. आळशी ठाणेकर आले नाहीत, पण कुणाच्या तरी मोबाइलवर मणी चिकटवून फोटो काढायची त्यांची युक्ती उपयोगी पडली. फोटो खालच्या प्रतिसादात टाकते.

मासुंद्याचं, म्हणजे तलावपाळीच्या तळ्याचं, पाणी उरलं होतं, बाटलीत घरी आणलंय. हिरवी दोरी सापडली. वळ्यावळ्यांची, अगदी तीच.

---

टवाळ | दुपारी २.०५

प्रांजळपणे सांगतो, मीही आलो होतो, निळा रेनकोट. अर्धा तास मला एक काळं जंगल दिसत होतं, मी सगळ्यांना सांगत सुटलो की हा कुठला तरी भयंकर किडा आहे. काकांनी येऊन सांगितलं, "ती तुमचीच पापणी आहे."

त्यानंतर मात्र दिसलं. एक मणी मिळेल का? देठासकट चालेल.